थोरलीची पळी

"लाल दिवा लागला की आधी इंजिन बंद कर. देवाचं नाव त्यानंतर घे."

मामंजींनी मला ट्रॅक्टर शिकवायला घेतला, त्या पहिल्याच सकाळी त्यांनी हे बजावलं होतं. क्रम त्यांनी मुद्दाम सांगितला, कारण माझी खोड त्यांना माहीत होती. दूध उतू जायला लागलं तरी मी आधी डोळे मिटते आणि मग गॅस बंद करते. देव थांबतो, इंजिन थांबत नाही, असं ते म्हणायचे.

ट्रॅक्टर माझ्या लग्नाच्या आधी आठ वर्षं घरात आलेला. म्हणून मामंजी त्याला 'थोरली' म्हणत. थोरली ती, धाकटी मी. सकाळचा चहाही ते गोठ्याशेजारच्या शेडमध्ये, तिच्या चाकाला टेकून पीत. मग मीही तिला जाऊबाई मानून टाकलं. जावांचं जसं असतं तसंच आमचं होतं. समोरासमोर गोड, आतून थोडी धुसफूस, पण बाहेरच्या कुणी नाव ठेवलं तर दोघींनाही खपायचं नाही.

त्या मंगळवारी मी ट्रॉलीत खत भरून वरच्या शेताच्या चढाला लागले होते. निम्म्या चढावर स्टिअरिंगच्या मागे काहीतरी लुकलुकलं. खाली बघितलं तर तेलाचा लाल दिवा. एकदा लागला, विझला, पुन्हा लागला आणि मग डोळे वटारावेत तसा लागूनच राहिला. हात आपोआप गेला आणि इंजिन बंद झालं. ब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला, मग देवाचं नाव घेतलं. मामंजींनी घालून दिलेल्या क्रमाने.

घरी चालत येऊन मी ह्यांना सांगितलं. हे आले, त्यांनी तेल बघायची पट्टी बाहेर काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. पट्टीवरच्या कमी-जास्तीच्या खुणा कधीच्याच पुसल्या गेल्या होत्या. चाळीस वर्षं मामंजी तिला वाळू लागलेल्या फडक्याने पुसत आले, दुसरं काय होणार. त्यामुळे आमच्या घरात हिशोब सोपा होता. पट्टी ओली निघाली की तेल आहे. ती चांगली अर्धीअधिक ओली निघाली. हे म्हणाले, तेल तर भरपूर आहे, म्हणजे दुखणं आतलं आहे.

मी म्हटलं, तेलाची काळजी नकोच, ते मी बघते. माझ्या नेमावर आमच्या घरात कुणी शंका घेत नाही, आणि या वेळी तीच अडचण झाली.

माझा नेम असा. सकाळी अंघोळ झाली की मी बोलत नाही. देवापुढे दिवा लावायचा, एक माळ ओढायची आणि मग शेडमध्ये जाऊन थोरलीच्या पोटात एक पळी तेल घालायचं. ही तिन्ही कामं झाली की तोंड उघडायचं. पहिली दोन माझी होती. तिसरं मामंजींनी दिलेलं. शेवटच्या आजारपणात त्यांना शेडपर्यंत जाणं होईना, तेव्हा त्यांनी वाकड्या दांड्याची ती पळी माझ्या हातात ठेवली. थोरली तेल गाळायची. रोज सकाळी तिच्याखाली भाकरीएवढा काळा डाग असायचा, आणि रोज एक पळी घातली की बरोबरी व्हायची. "एक पळी, रोज," ते म्हणाले, "हिला माझ्यामागे उपाशी ठेवू नकोस." मी शब्द दिला. देवाचं माझ्याकडून कधी चुकत नाही, म्हणून थोरलीचं मी त्याच्याच शेपटीला बांधून टाकलं. मामंजींना जाऊन तीन वर्षं झाली, एक दिवस खंड नाही. पंधरा दिवस माहेरी गेले होते, तेव्हाही हे काम ह्यांच्यावर सोपवून गेले होते.

माझ्या मौनावर घरात टीका बरीच. हे म्हणतात, आमच्या संसारातले ते दोन तास सगळ्यात सुखाचे. आणि वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, बरोबर सात वाजता फोन करतात. मी उचलते आणि त्या एकट्याच बोलतात. वहिनीशी बोलायची हीच वेळ चांगली, असं त्या चारचौघांत सांगतात.

बुधवारी सकाळीही त्यांचा फोन आला. वन्संकडे मधमाश्यांच्या चाळीस पेट्या आहेत. फुलोरा आला की त्या पेट्या टेकडीपलीकडच्या फळबागांत न्यायच्या असतात, तेही उजाडायच्या आत, माश्या घरात असताना. ट्रकमधून नेल्या की धक्क्यांनी आतली पोळी मोडतात. थोरली मात्र पहिल्या गिअरमध्ये अशी चालते की मांडीवरचं मूल जागं होऊ नये. ह्यांनी दरवर्षीसारखा शब्द दिला होता, शनिवारी पहाटे येतो म्हणून. वन्सं म्हणाल्या, तुमच्या थोरलीला सांगा, नखरे करायचे तर रविवारी कर. मी फोनमध्ये नुसती हुंकारले. हुंकार नेमात बसतो.

थोरलीला ह्यांनी आदल्या संध्याकाळीच, इंजिन न लावता, गड्यांच्या मदतीने उतारावरून शेडमध्ये आणलं होतं. दहाच्या सुमाराला कानवाले मिस्त्री आले. माणसांचं बोलणं त्यांना दोनदा सांगावं लागतं, पण लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की आतल्या सगळ्या भानगडी ते सांगतात. त्यांच्या बायकोचं म्हणणं, मी पण अंगाला एक पेचकस बांधून घेते.

मिस्त्रींनी आधी दिव्यालाच संशयात धरलं. कधी कधी इंजिन ठणठणीत असतं आणि दिवाच खोटं बोलतो, असं ते म्हणाले. तेलाचा दाब पडला की दिवा लावणाऱ्या स्विचला जाणारी वायर त्यांनी काढली, तर दिवा विझला. म्हणजे वायर कुठे घासून पत्र्याला लागलेली नव्हती. मग स्विच काढला, त्याच्या जागी दाब दाखवणारं आपलं काट्याचं मीटर बसवलं आणि इंजिन सुरू केलं. थंड असताना काटा छान वर उभा राहिला. हे खूश झाले. दहा मिनिटांनी इंजिन तापलं, मिस्त्रींनी रेस वाढवली, आणि काटा थंडी वाजल्यासारखा थरथरायला लागला. रेस जितकी वाढवावी तितका तो खाली. स्विच खरं बोलत होता.

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं, हात पुसले आणि ह्यांच्याकडे न बघता सांगितलं की पंप गेला असेल, नाहीतर बेअरिंग झिजली असतील. दोन्हींसाठी इंजिन खोलावं लागेल. महिना लागेल, आणि इतक्या जुन्या वस्तूचे भाग मिळतीलच असं नाही.

ह्यांनी मान हलवली. आमच्या ह्यांचं असं आहे की दुःख झालं की ते कामं काढतात. त्या दिवशी त्यांनी कुंपणाच्या दोन तारा बदलल्या, पाण्याची टाकी घासली आणि कुणी सांगितलं नसताना माझी शिलाई मशीन उघडून पुसली. रात्री जेवताना म्हणाले, जुनी यंत्रं घेणारा एकजण ओळखीचा आहे. शुक्रवारी दुपारी येईल. तिला नुसतं सडत ठेवण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडलेली बरी.

मी म्हटलं, मामंजी असते तर?

हे म्हणाले, "ते असते तर त्यांनी कारण शोधलं असतं. मला सापडत नाही."

एवढंच बोलले, पण घास हातातच राहिला. त्यांना ट्रॅक्टर जायचं दुःख होतं त्यापेक्षा हे जास्त लागलं होतं, की वडिलांनी चाळीस वर्षं चालवलेली वस्तू आपल्या हातात तीन वर्षांत संपली. आणि मला वाटत होतं की दिलेला शब्द माझा मोडतोय. उपाशी ठेवू नकोस, एवढंच तर त्यांनी मागितलं होतं. कुठे कमी पडले असेन? गुरुवारी सकाळी मी माळ जरा जास्त वेळ ओढली, आणि पळी काठोकाठ भरून घातली. आजारी माणसाला आपण दोन घास जास्तच वाढतो.

शुक्रवारी मिस्त्री लवकर आले. व्यापाऱ्याने निरोप पाठवला होता की आतलं तेल काढून ठेवा, त्यात धातूचा चुरा चमकतो का ते मला बघायचंय. चुरा असला तर बेअरिंग गेली, नसला तर पंप. मिस्त्रींनी इंजिन थोडा वेळ चालवून तापवलं, कारण गरम तेल तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. मग खाली बादली सरकवली. थोरलीच्या पोटात सात लिटर मावतं, बादली आठ लिटरची. मिस्त्री खाली पाठीवर झोपले, बूच सोडलं.

मी दिवा आणि माळ आटोपून पळी घेऊन शेडच्या दारात पोचले, ती नेमकी तेव्हा. माझं मौन चालू होतं. आज तेल काढायचं आहे हे मला माहीत होतं, पण नेम तो नेम. काढून झालं की घालीन, अशा विचाराने मी भिंतीशी उभी राहिले.

तेल यायला लागलं. काळं, गरम, आणि वर फेस, पिठात सोडा जास्त पडल्यावर येतो तसा. बादली निम्मी झाली. पाऊण झाली. हे वाकून बघत होते. बादली भरत आली तरी धार बारीक होण्याचं नाव नाही. मिस्त्री खालून म्हणाले, संपलं का. हे म्हणाले, नाही. जरा वेळाने पुन्हा विचारलं, आता? हे म्हणाले, दुसरी बादली आणतो. आणि पळत जाऊन माझी धुण्याची बादली घेऊन आले. तोवर पहिली काठावरून वाहून मिस्त्रींच्या बाहीत शिरली होती.

मिस्त्री उठून बसले. दोन्ही बादल्यांकडे बघत त्यांनी हळूहळू बोटं मोजली. सात लिटरच्या पोटातून दहा लिटर निघालं होतं.

"तेल आहे का, एवढंच मी विचारलं," ते म्हणाले. "जास्त आहे का, असं कोण विचारतं?"

ह्यांना अजून उमगलं नव्हतं. मिस्त्रींनी समजावलं. तेल वाजवीपेक्षा वर आलं की आतला फिरता दांडा त्यात बुडतो आणि रवीसारखा ते घुसळत बसतो. त्याचा फेस होतो. पंप मग तेल ओढायच्या ऐवजी फेस ओढतो, आणि फेसाला कसला आलाय जोर. म्हणून काटा थरथरतो, म्हणून रेस वाढवली की तो पडतो. पंप थकला असता तर काटा हळूहळू दमला असता, थरथरला नसता. हे मला परवाच कळायला हवं होतं, असं म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला. कपाळ काळं झालं. बादलीत बोट फिरवून त्यांनी उजेडात धरलं. चुरा नाही, चमक नाही.

पण तीन लिटर तेल आलं कुठून, असं हे म्हणाले. आभाळातून पडलं की काय.

माझ्या हातातली पळी एकदम जड झाली. मला सगळं कळलं होतं आणि बोलता येत नव्हतं. नेम पुरा झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि नेम पुरा करायचा तर पळी ओतायला हवी. थोरलीत ती ओतायची माझी छाती नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदा मला देवाचा थोडा राग आला. दोघेही बादल्यांकडे बघत होते, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी पुढे झाले, आणि काठोकाठ भरलेल्या त्या बादलीत आणखी एक पळी तेल ओतलं.

दोघांनी माना वर केल्या.

"मी घातलं," मी म्हटलं. "रोज एक पळी. मामंजींनी सांगितलं होतं."

हे म्हणाले, "अगं, पण गळती तर मी बंद करून घेतली. तू माहेरी होतीस तेव्हा."

ते हळूहळू सांगायला लागले. मी रोज सकाळी शेडमध्ये गुडघे टेकून तो काळा डाग घासते, हे त्यांना बघवत नव्हतं. म्हणून मी नसताना त्यांनी तालुक्याहून दुसरा मिस्त्री आणला, कानवाले तेव्हा लेकीकडे गेले होते. त्याने खालचं पॅकिंग बदललं, नवं तेल मोजून भरलं. मला चकित करायचं म्हणून ते बोलले नाहीत. मी परत आले, दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेले, फरशी कोरडी बघितली आणि आनंदाने हात जोडले. ते खिडकीतून बघत होते. त्यांना वाटलं, पोचलं हिला.

पोचलं होतं, पण भलतीकडे. गळती थांबली ती माझ्या नेमाचं फळ म्हणून थांबली, असं मी धरून चालले होते. हात जोडले ते देवाला. आणि ज्या नेमाला इतकं गोड फळ आलं तो सोडायचा कसा, म्हणून त्याच सकाळी मी पळी आणखी श्रद्धेने ओतली होती. तेव्हापासून अडीच महिने ओतत होते.

"म्हणजे माझे आभार देवाला गेले," हे म्हणाले.

मी म्हटलं, तिथून तुमच्याकडे यायला जरा वेळ लागला, एवढंच.

मिस्त्रींना हे सगळं दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. दुसऱ्यांदा ते चाकाला टेकून इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसताना उरलेला चेहराही काळा झाला. म्हणाले, आजवर उपाशी मारलेली इंजिनं पुष्कळ बघितली, जेवण जास्त झालेलं हे पहिलंच. अति तिथे माती म्हणतात, पण वहिनी, तुमच्याकडे अति तिथे फेस.

मला हसूही येत होतं आणि रडूही. मी बाजूला झाले, आणि थोरलीच्या गरम बॉनेटवर हात ठेवून मनातल्या मनात मामंजींची माफी मागितली. तुम्ही उपाशी ठेवू नको म्हणालात, मी अजीर्ण करून ठेवलं. हे जवळ येऊन उभे राहिले. माझ्या हातातून पळी घेतली, फडक्याने पुसली आणि खिळ्याला अडकवली.

मिस्त्रींनी सात लिटर नवं तेल मोजून घातलं. मग ती पट्टी पुसून घातली, बाहेर काढली, आणि तेल जिथवर आलं होतं तिथे कानशीने आडवी खूण कोरली. तिच्याखाली दोन बोटांवर दुसरी. वरचीच्या वर जायचं नाही, खालचीच्या खाली यायचं नाही, मधे असेल तर देवाचं नाव घ्यायचं आणि परत यायचं, असं त्यांनी मला चढ्या आवाजात सांगितलं, जणू मलाच ऐकू येत नाही. मीटर बसवून इंजिन सुरू केलं. वीस मिनिटं तापू दिलं. रेस वाढवली. काटा जागचा हलला नाही. मिस्त्रींनी पेचकस कानाला लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग पेचकस ह्यांच्या हातात दिला. ऐका, म्हणाले. ह्यांनी कान लावला. त्यांचा चेहरा बघून मला मामंजींची आठवण झाली. चहा पिताना ते असेच दिसायचे.

व्यापारी दुपारी आला तो मोठी गाडी घेऊनच. सभ्य माणूस, त्याने एकदा थोरलीकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि विचारलं, बरं वाटलं वाटतं हिला? ह्यांनी सांगितलं, पथ्य पाळायला सुरुवात केलीय. त्याला चहा दिला आणि त्याची रिकामी गाडी रिकामीच परत गेली.

संध्याकाळी वन्संना फोन ह्यांनी केला. काय झालं होतं ते ऐकून त्या आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, वहिनीचं मौन भोवलं म्हणायचं. आणि लगेच, उद्या नक्की ना रे दादा? हे म्हणाले, नक्की.

शनिवारी पहाटे मी उठले, अंघोळ केली, दिवा लावला, माळ ओढली. बाहेर अजून अंधार होता. शेडमध्ये गेले तर हे आधीच आले होते. ट्रॉलीत जुन्या गोधड्या अंथरून झाल्या होत्या, पेट्यांना धक्का लागू नये म्हणून. मी पट्टी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली. ह्यांनी बॅटरी धरली. तेल दोन खुणांच्या बरोबर मधे होतं. मी पळीकडे एकदा बघितलं. खिळ्यावर ती कोरडी लटकत होती. ओतण्यापेक्षा न ओतणं अवघड असतं, हे मला त्या दिवशी कळलं. पट्टी जागेवर ठेवली, बॉनेट खाली केलं.

नेम पुरा झाला होता, आता बोलायला हरकत नव्हती. पण ह्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि ट्रॉलीकडे खूण केली. मी पदर खोचला आणि गोधड्यांवर चढून बसले.

ह्यांनी किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. इंजिन सुरू झालं तसा तो विझला, आणि विझलेलाच राहिला. पहिला गिअर पडला. थोरली फाटकातून सावकाश बाहेर पडली आणि टेकडीच्या रस्त्याला लागली.